एक सील आत बघतं, एक बाहेर

भावजी, शेवटचा पाहुणा मघाशी जीपनं पाथरीला गेला. मांडवाचे बांबू निघाले, सतरंज्यांच्या घड्या झाल्या, आचाऱ्याची पातेली परत गेली. अंगणात आता तुमचं होडीचं इंजिन तेवढं राहिलंय, लाकडी घोडीला लटकलेलं, पंखा खाली करून. मी त्याच्यासमोर बाजेवर बसलेय. दमलेय. इतकी की रडायचंसुद्धा उद्यावर टाकावं वाटतंय.

तुमच्यावर चार शब्द बोला म्हणून सगळे मागं लागले होते. मी काय बोलणार? तुमचा जन्म कधीचा, तुम्ही कोणत्या वर्गापर्यंत शिकलात, गावात काय काय केलंत, ते तुमच्या पोरानं सांगितलं. दत्तानं चांगलं सांगितलं, मधे एकदाच थांबला. मला तसलं बोलता येत नाही. तुमच्या माझ्यात जे बोलणं झालं ते सगळं ऑइल सीलवर झालं. ते चारचौघांत कसं सांगावं? म्हणून इथं लिहायला घेतलं. दीर-भावजयीचं भांडण आहे, वाचणाऱ्यानं हसून घ्यावं.

वाचणाऱ्याला एवढं ठाऊक पाहिजे की आपलं घर गंगेच्या अल्याड आणि जमीन पल्याड. गोदावरीला आपण गंगाच म्हणतो. मी लग्न होऊन आले तेव्हा उन्हाळ्यात वाळूतून बैलगाडी पार जायची. मग खाली बंधारा झाला, त्याची दारं बंद झाली, पाणी मागं फुगलं आणि बारा महिने तिथंच उभं राहिलं. रस्त्यानं जायचं म्हटलं तर पूल लांब, अर्धा दिवस तिथंच जातो. म्हणून होडी आली. होडी वल्हवून तुमच्या पाठीचे हाल झाले, म्हणून नांदेडच्या जुन्या बाजारातून हे इंजिन आलं. तुम्ही ते खांद्यावर घेऊन अंगणात आलात तेव्हा शांता, तुमची बायको, माझी धाकटी जाऊ, दारातून म्हणाली होती, "ह्ये काय, पंखा आनला का? भिंतीला लावा मंग."

तुमचे दादा, माझे मालक, जाऊन तेव्हा थोडेच महिने झाले होते. मी घरात बसून असायची. भाकरी करायची आणि परत त्याच कोपऱ्यात. तुम्ही एकदा दारातून आवाज दिलात, "वैनी, जरा पाना धरायला या. शांताचे हात वले हायेत." शांताचे हात ओले नव्हते. मी आले आणि पाना धरला. ते पाना धरणं इतकी वर्षं चाललं.

पहिला पावसाळा बरा गेला. दुसऱ्या वर्षी तुम्ही गिअरचं तेल बदलायला काढलंत. पंख्याच्या वर ती गिअरची पेटी असते, पाण्याखाली चालणारी, तिच्या बुडाला एक स्क्रू असतो. तो ढिला केला. आधी चमचाभर पाणी आलं. मागून तेल आलं, पण तेल कसलं, पांढरं फटक ताक. तुम्ही वाटी माझ्यापुढं धरलीत.

"वैनी, कढी करा."

"फोडनी तुमी द्या," मी म्हटलं. पण तुमचं तोंड उतरलं होतं. तेलात पाणी म्हणजे गिअरच्या दात्यांना चिकटायला काही उरत नाही. दाते झिजणार, मग एक दिवस ऐन धारेत पेटी धरून बसणार, पंखा थांबणार. होडीत सात-आठ बाया, कापसाची गाठोडी आणि पलीकडं बंधाऱ्याची ओढ. ते हसण्यावारी न्यायचं काम नव्हतं.

पाणी शिरतंय कुठून, ते शोधायचं होतं. तुमची हिकमत सायकलच्या पंक्चरची. स्क्रूच्या भोकात ट्यूबचा वाल बसवलात, माझ्या लग्नातलं तांब्याचं घंगाळ मागितलंत, त्यात पेटी बुडवलीत आणि पंपानं हवा भरायला लागलात.

"हळू भावजी, लय दाबलं तर चांगलं असलेलं सील बी उलटंल."

"मला शिकवा आता."

पंख्याच्या दांड्याजवळून बुडबुडे आले, एकामागून एक. तिथंच. वरच्या उभ्या दांड्याजवळ एक नाही, स्क्रूजवळ एक नाही. पंख्यामागची सीलं गेली होती. तुम्ही खूश झालात. रोग सापडला की तुम्हाला अर्धं बरं झाल्यासारखं वाटायचं.

ऑइल सील म्हणजे रबराची बांगडी. आतून बारीक ओठ असतो आणि ओठाच्या मागं त्याहून बारीक स्प्रिंग. दांडा फिरतो, ओठ त्याला चिकटून बसतो, इकडचं तिकडं जाऊ देत नाही. पंख्यामागं अशा दोन बांगड्या शेजारी शेजारी असतात. तुम्ही त्या पेचकसानं उचकटून काढल्यात आणि मी त्या रॉकेलमध्ये धुतल्या. धुता धुता मला वाटलं की एकीचं तोंड आत होतं आणि दुसरीचं बाहेर. तुम्ही नवीन आणलीत आणि दोन्हीची तोंडं आत, तेलाकडं करून ठोकून बसवलीत.

"भावजी, भायेरचं उलटं व्हतं."

"आधीच्या मालकानं उलटं ठोकलं असल. स्प्रिंग तेलाकडं. ट्रॅक्टर कितींदा खोललाय मी. सीलचं तोंड तेलाकडं, बास."

पुन्हा घंगाळ, पुन्हा पंप. एकही बुडबुडा नाही. तुम्ही मिशीवरून हात फिरवलात.

आणि महिन्याभरात पुन्हा ताक.

मग ते भांडण लागलं. कापसाच्या लागवडीपासून वेचणीपर्यंत चाललं, पुढच्या साली परत चाललं. चहाला बसलं की तेच, होडीत बसलं की तेच. तुम्ही म्हणायचात, बुडबुडा येत नाही म्हणजे सील चांगलं, पाणी दुसरीकडून शिरतंय. वरच्या दांड्याचं सील बदललंत, स्क्रूची वायसरं बदललीत, पेटीच्या सांध्याला जाड कागद कापून घातलात. ताक काही थांबेना.

मी एवढंच म्हणायची, "तुमी हवा आतून भायेर ढकलायलाव. पानी भायेरून आत यायलंय. उलटं तपासा की एकदा."

"उलटं कसं तपासू? तोंड लावून वढू का?"

"वढा. गुडगुडी वढतच व्हते की तुमचे आजे."

शांता हसून हसून चुलीपाशी बसली. तुम्ही तिच्याकडं न्यायाला गेलात. ती म्हणाली, "मला न्हाई कळत बाई, मला ह्यात वढू नका. मला फकस्त येवडं कळतंय की चहा तिसऱ्यांदा गरम करायलाय मी."

आज वाटतं, त्या सीलमध्ये आपली सगळी जातकुळी होती भावजी. आपण जमिनीवरची माणसं. ट्रॅक्टर असो, बोअरची मोटर असो, आपल्याला भीती एकच, तेल बाहेर जाईल. बाहेरून काही आत येईल ही भीती आपल्याला कधी शिकवलीच नव्हती. पाणी यावं म्हणून आभाळाकडं बघणारे लोक आपण. ते न सांगता आत शिरतं, हे आपल्याला बंधाऱ्यानं दाखवलं. म्हणून तुम्ही दोन्ही सीलांची तोंडं आत करून बसवलीत. दोघं मिळून तेल राखत होती. पाण्याकडं बघायला कुणीच नव्हतं.

हे मी तेव्हा इतकं नीट बोलले असते तर? पण तेव्हा मी नुसतं "उलटं व्हतं, उलटं व्हतं" करत राहिले. आणि तुम्ही जिद्दीला पेटलात.

मग माझा मोतीबिंदू निघाला. डोळ्याच्या ऑपरेशनला मी परभणीला लेकीकडं गेले आणि औषधं घालत तिथंच राहिले. परत आले तर तुम्ही काठावर माझी वाट बघत उभे. म्हणालात, "वैनी, तेल बगा." वाटीत थेंब दिलात. मी काळा चष्मा वर करून बघितलं. स्वच्छ. काकवीसारखं दाट, आरपार दिसणारं.

"काय केलंत?"

"काय बी न्हाई. चार दिस उनात ठिवलं. बसलं आपोआप."

"रबर उनात आपोआप बसतंय व्हय?"

"तुमच्या नव्या डोळ्यानं सगळंच सोनेरी दिसायलंय, वैनी. म्या काय करू?"

मी आठवडाभर तुमच्या मागं लागले. तुम्ही बोटभर हलला नाहीत. उन्हात ठेवलं, बसलं. मग मी म्हणायला लागले की तुम्ही नशीबवान आहात, अक्कल काही तुमची नाही. तुम्ही म्हणायचात, नशीब बी अक्कलवाल्यालाच. असं ते भांडण सुरूच राहिलं. सील गळायचं थांबलं, भांडण नाही.

ह्या थंडीत तुमचा दम लागायला लागला. काठावरून वर येताना दोनदा बसायचात. त्यातच परत तेलाचं ताक झालं. मी वाटी दाखवली तर तुम्ही नुसतं बघितलंत, कढीचं नावसुद्धा काढलं नाहीत. "बगू उनाळ्यात," म्हणालात. मग म्हणालात, "वैनी, माजी मूठभर राख पल्याड जांभळीच्या बुडी टाकायला लावा दत्ताला. पर वल्ह्यानं नेऊ नका मला. वल्ह्याचा आवाज आयकला की पाठ दुखती."

मी म्हटलं, "गप बसा." एवढंच म्हटलं. ते उत्तर नव्हतं. मला काही तरी बरं बोलायला पाहिजे होतं, निदान हो म्हणायला पाहिजे होतं.

तुम्ही गेलात. राखेचं मडकं अंगणातल्या लिंबाला टांगलं आणि दत्ता म्हणाला, "काकू, इंजिनात पानी हाय. दहाव्याला आपून वल्ह्यानंच जाऊ. चार जन हाव." पोराचं चुकीचं नव्हतं. शांता कोपऱ्यात बसली होती, डोक्यावरून पदर घेऊन. ती पदर न काढता बोलली, "त्यांच्याच इंजिनावर न्यायचं." परत एकदा तेच बोलली. आणि मग माझ्याकडं बघितलं.

मी उठले. तुमची हत्यारांची पेटी काढली, पाने घेतले. भावकीतली एक म्हातारी लगेच म्हणाली, "सुतकात तेलाला हात लावत असत्यात का?" खरं आहे, दहा दिवस आपल्याकडं तेल लावत नाहीत. माझे हात तर कोपरापर्यंत माखणार होते. शांतानं पदराआडूनच उत्तर दिलं, "तेल अंगाला लावू नये म्हनत्यात, मावशी. इंजिनाला लावू नये असं कुनी म्हनलं न्हाई." मी मनात म्हटलं, भावजी, तुमची बायको बघा.

घंगाळात पाणी भरलं. आधी रोग शोधायचा, मग खोलायचं, हे तुमचंच. वाल बसवला, पंप जोडला आणि दांडा दाबला. हवा जाईना. परत दाबला. दांडा हलका, फुसका. आणि वर ओढला की जड. पंपाच्या तोंडावर बोट धरलं तर दांडा वर घेताना बोट आत ओढलं गेलं. मला वाटलं, पंप बिघडला. झाकण फिरवून दांडा बाहेर काढला. आतमध्ये चामड्याची वाटी असते ना, तिचं तोंड खाली असतं, म्हणून ती हवा ढकलते. ती वाटी वर तोंड करून बसवलेली होती. वायसर घालून, नीट आवळून, ग्रीस लावून. आपोआप झालेलं नव्हतं ते. कुणीतरी बसून पंप उलटा केला होता, ढकलणारा होता तो ओढणारा केला होता.

तोंड लावून ओढू का, म्हणाला होतात.

नट काढला, पिन काढली, पंखा ओढला. पंख्यामागं दांड्याला मासेमाऱ्यांच्या जाळ्याचा नायलॉनचा दोरा गुंडाळला होता, केसासारखा बारीक, किती तरी वेढे. तो सुटा करत गेले तर त्याचं टोक सीलच्या आत गेलेलं. दोऱ्यानं ओठ कापला होता. हे पाणी ह्या साली ज्या वाटेनं आलं ती वाट ही. यात तुमचंही खरं नव्हतं आणि माझंही. कुणाचं तरी तुटकं जाळं, एवढंच.

पण मी दोऱ्याकडं बघतच नव्हते. बाहेरच्या सीलकडं बघत होते. त्याचं तोंड बाहेर होतं. स्प्रिंग पाण्याकडं. आतलं तेलाकडं, बाहेरचं पाण्याकडं, दोघं पाठीला पाठ लावून बसलेली. मी सांगत होते तसं, अगदी तसं.

मी परभणीला डोळ्यात औषध घालत होते तेव्हा तुम्ही पंप उलटा केलात, ओढून बघितलंत, मी म्हणते ते खरं निघालं, सील उलटं करून बसवलंत, आणि मला येऊन सांगितलंत, उन्हात ठेवलं!

मला हसू आलं. सुतकाच्या घरात, अंगणात, राखेच्या मडक्याखाली बसून मी हसत सुटले. दत्ता घाबरून उठला. शांता बाहेर आली. मी सील तिच्यापुढं धरलं. तिनं ते बघितलं आणि पदर खाली घेतला.

"मला मालूम व्हतं, आक्का."

"काय मालूम व्हतं?"

"त्यांनी सांगू दिलं न्हाई. म्हनले, वैनीला कळलं की भांडन सपलं. भांडन सपलं की ती परत कोपऱ्यात जाऊन बसंल."

मग मात्र मला हसू आलं नाही.

भावजी, मला एक विचारायचं राहिलं. तुम्ही हरलात, ते मला सांगितलं असतं तर मी तुम्हाला गावभर चिडवलं असतं, खरं आहे. पाणक्यापासून मास्तरापर्यंत सगळ्यांना सांगितलं असतं. पण मी काय फक्त भांडणासाठी अंगणात येत होते, असं तुम्हाला वाटलं का? मी पाना धरायला येत होते. तुम्ही हाक मारायचात म्हणून येत होते. तुम्ही मला जिंकू दिलं असतंत तरी मी आले असते. हे तुम्हाला कुठं माहीत होतं? मीही कधी बोलले नाही. मी तरी काय म्हणायची, तुम्हाला काय ट्रॅक्टरशिवाय कळतंय. एवढंच म्हणायची.

दत्ता जुनं सील घेऊन परभणीला बेअरिंगच्या दुकानात गेला आणि जोडी आणली. मी बसवली. तुमचा तो पाइपचा तुकडा सापडला, सील सरळ जावं म्हणून कापून ठेवलेला. लाकडी हातोडीनं टकटक करत गेले, जरा इकडून, जरा तिकडून, वाकडं होऊ नये म्हणून. आतलं आत बघणारं. दोन्हीच्या मधे ग्रीस. बाहेरचं बाहेर बघणारं. मग वालाऐवजी स्क्रूच्या भोकात नळी बसवून तुमच्या उलट्या पंपानं ओढलं, नळी चिमटून पंप काढला आणि तिच्या तोंडावर बोट धरलं. बोट चिकटून बसलं, म्हणजे बाहेरून आत काही शिरत नव्हतं. शांतानं चहा आणला. मी म्हटलं, थांब. चहा गार झाला, बोट तसंच होतं. पंपातली वाटी परत सरळ केली नाही मी. तो पंप आता सायकलच्या कामाचा नाही.

दहाव्याला दत्तानं दोरी ओढली. पहिल्यांदा सुरू झालं नाही, तुमच्याकडूनही होत नव्हतं. दुसऱ्यांदा झालं. इंजिनाची मूठ धरून मी बसले. शांता पुढं, मांडीवर मडकं. वल्ही आम्ही घेतली होती, खोटं कशाला बोलू, पण होडीच्या तळाशी, गोणपाटाखाली, तुम्हाला दिसू नयेत अशी. मधल्या धारेत आले तेव्हा मला सारखं वाटत होतं, आता धरून बसेल. कान पंख्याकडंच होता. शांता मागं वळून म्हणाली, "तोंड नका असं करू आक्का, त्यांना वाटंल बुडवायलीय." जांभळीच्या बुडी तुम्हाला ठेवलं. दत्तानं ओंजळीनं पाणी घातलं. माती तुमच्या ओळखीचीच आहे.

येताना इंजिन बोलत होतं.

एवढं सगळं झालं तरी मी आजपर्यंत स्क्रू उघडला नव्हता. पाहुणे होते, पंगती होत्या, हे त्याचं कारण नाही. मला भीती वाटत होती. आता अंगणात कुणी नाही. म्हणून आत्ता, हे लिहिता लिहिता उठले आणि पेचकस लावला. स्क्रू अर्धा फिरवला. थेंब आला तो तुमच्यासारखा तळहातावर घेतला, दोन बोटांत चोळला, उजेडाकडं धरला.

काकवी.

शांता दारात उभी होती. किती वेळची होती कुणास ठाऊक. म्हणाली, "आक्का, कसं काय बसलं ओ?"

मी स्क्रू आवळला, हात पुसले आणि म्हटलं, "काय न्हाई ग. चार दिस उनात ठिवलं व्हतं. बसलं आपोआप."